मेलेल्याचा आणखी एक फासा

फासा चटईवर घरंगळत गेला आणि एकावर थांबला. फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा आमचा रविवारचा खेळ. त्यात एक पडला की आपलं पात्र मरतं. बंगळुरूत आल्यापासून जपलेला माझा तिरंदाज दरीत कोसळून मेला. पण आमच्या रूमचा नियम असा, की मेलेल्याने आपल्या गावची एक गोष्ट सांगायची आणि पात्र वाचवायला पुन्हा एकदा फासा टाकायचा.

नव्यानेच खेळायला आलेल्या समीरने नियमांचं जाडजूड पुस्तक पुढे केलं. "कुठे लिहिलंय, दाखव. मेला तो मेला, भावा."

नववीत नापास झालो तेव्हा सरांनीही असाच नियम दाखवला होता, आणि मी मुकाट्याने दप्तर उचललं होतं. पुस्तक लिहिणारे हुशार असतील, पण त्यांनी आम्हाला पाहिलेलं नाही. या परक्या शहरात ज्यांनी सरकून मला जागा दिली, त्यांनी हा नियम केलाय. त्यांचे उपकार मी पुस्तकाखाली दाबू देणार नाही.

"नाहीच लिहिलेलं," मी म्हणालो. "बस खाली, ऐक. आमच्या बाजारात एकदा म्हैस हॉटेलात शिरली..."

समीरसुद्धा हसला. मग मी फासा टाकला. पुन्हा एकच पडला.

मेला तिरंदाज. पण आमच्या नियमाने मेला.