कॅचरचा गुडघा

भावना तायडे नागपूरला विद्यापीठाच्या संघात विकेटकीपिंग करायची. पुढे लग्न झालं, नवऱ्याला, नागसेनला, सिंगापुरात संशोधनाची नोकरी लागली आणि २००१ साली दोघं छोट्या लेकीला, अनुयाला, घेऊन वुडलँड्सच्या एका फ्लॅटमध्ये राहायला आली. बुकित तिमाहच्या कॉन्डोत राहणारी मैत्रीण सविता पहिल्यांदा घरी आली तेव्हा धापा टाकत म्हणाली, "अगं, अजून थोडं पुढे गेलीस की मलेशियाचं जोहोरच की." पण भावनाला ती जागा आवडली, कारण वर्षाच्या आत तिला जवळच्याच चिपच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियरचं काम मिळालं, आणि त्या कारखान्याची सॉफ्टबॉलची टीम होती.

टीम कसली, हौसेचा मामला. शनिवारी दुसऱ्या कंपनीशी सामना, आणि बहुतेक शनिवारी हार. प्रत्येकाला बॉल टाकायचा असे नाहीतर मारायचा असे; बॅट घेतलेल्याच्या मागे उकिडवं बसून सुटलेला बॉल पकडायला कोणी राजी नसे. त्या जागेवरच्या खेळाडूला कॅचर म्हणतात.

"मी बसते," भावना म्हणाली. "हेच काम केलंय मी. फक्त तिथे पुढ्यात स्टंप असायचे."

ती बसली ती बसलीच. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर पॅड आणि मागून अखंड बडबड. टीम हरायची तशीच हरत राहिली, पण आता थोडक्यात हरायला लागली.

या सामन्यांना अंपायर म्हणून हॉलंड नावाचे गृहस्थ यायचे. ते जवळच्या अमेरिकन पोरांच्या शाळेत बेसबॉलचे कोच होते. भावनाच्या मागे उभं राहून तीनचार सामने काढल्यावर एक दिवस त्यांनी विचारलं, "माझ्या शाळेतल्या कॅचरना जरा शिकवाल का? मी स्वतः पिचर होतो, बॉल टाकणारा. मला बसायचं कसं ते सांगता येत नाही."

भावनाने बेसबॉल टीव्हीवरसुद्धा धड पाहिला नव्हता. पण आठवड्यातून दोनदा, कारखान्यातून सुटल्यावर, गळ्यातलं ओळखपत्र तसंच ठेवून ती मैदानावर जाऊ लागली. बेसबॉलचा बॉल लहान, कडक आणि अंगावर येणारा. तिने पोरांना पाय कसे हलवायचे ते शिकवलं, पोरांनी तिला नियम शिकवले. अनुया कधी सोबत आली तर बाकावर बसून गृहपाठ करायची आणि मध्येच म्हणायची, "आई, don't shout so loud lah. Everybody looking."

वेस ब्रॅनिगन या पोरांत सगळ्यात उशिरा आला. त्याच्या वडिलांची ह्यूस्टनहून बदली झाली होती. ताडमाड उंच, बोलायला मृदू, आणि भुकेला इतका की सरावानंतर हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर चिकन राइसच्या दोन प्लेट संपवून तिसरीकडे बघत असायचा. पण तो खांदा! तो उकिडवा बसल्या जागेवरून पार समोरच्या टोकाला, दुसऱ्या बेसच्या खुणेपर्यंत बॉल फेकायचा आणि तो बॉल जमिनीला समांतर, सुतात जायचा. भावनाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी येऊन नागसेनला म्हणाली, "त्या पोट्ट्याचा हात आहे का गोफण?"

वेसला व्यावसायिक बेसबॉल खेळायचा होता. अमेरिकेत दर जूनमध्ये मोठे क्लब पाळीपाळीने शाळा-कॉलेजच्या पोरांची नावं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. ज्या क्लबने नाव घेतलं त्याच्याशीच पोराने करार करायचा. वेस ह्यूस्टनच्या शाळेत खेळून आलेला असल्यामुळे तोही त्यात धरला जाणार होता. पण नाव घ्यायचं तर आधी कोणीतरी पाहायला हवं, आणि सिंगापूरला कोण कशाला येतंय? हॉलंडनी ओळखीत शब्द टाकला आणि २००६च्या मार्चमध्ये निरोप आला. एका क्लबचे डेनिंग नावाचे स्काउट तैवानला जाणार होते, वाट वाकडी करून दोन दिवस सिंगापुरात थांबून वेसला पाहणार होते.

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला बुकित पंजांगच्या हॉलमध्ये सगळी ओळखीची मंडळी जमली, तेव्हा भावनाने उत्साहाने ही बातमी सांगितली. सविताने विचारलं, "स्काउट म्हणजे ते शिट्टी, स्कार्फ आणि तंबूवाले?"

"नाही गं. पोरं हेरायला क्लब माणसं पाठवतात ना, ती."

"म्हणजे मुलगा बघायला येताहेत," सविता म्हणाली. "मग पोहे कोण करणार?"

सगळे हसले, भावनाही हसली. पण तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. आदल्या सरावात तिला दिसलं होतं की वेस उजवा गुडघा चोरतोय. बसताना तो सगळा भार डावीकडे टाकत होता, आणि दोन बॉलच्या मध्ये जरा सवड मिळाली की उजवा गुडघा जमिनीला टेकवत होता. विकेटकीपरच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. तिची स्वतःची दोन वर्षं गुडघ्यानेच खाल्ली होती.

पुढच्या सरावाला तिने त्याला बाजूला घेतलं. "किती दिवसांपासून दुखतंय?"

वेसने आधी "कुठे काय" म्हणून उडवून लावलं. मग खाली बघून म्हणाला, "ख्रिसमसपासून. गोळी घेतली की थांबतं. मिसेस तायडे, प्लीज, कोणाला सांगू नका. तो माणूस एकदाच येणार आहे."

"आईवडिलांना माहीत आहे?"

"नाही."

भावनाने फक्त गुडघ्याला बर्फ लावायला सांगितलं, आणि वेसने त्याचा अर्थ ती कोणाला सांगणार नाही असा घेतला.

घरी तिने नागसेनला सांगितलं. नागसेन भांडी घासत होता. तो म्हणाला, "सांगितलंस तर पोराचं स्वप्न मोडेल. नाही सांगितलंस तर गुडघा मोडेल. मला विचारशील तर गुडघा बदलून मिळत नाही."

"तुला सोपं आहे म्हणायला. माझ्याकडे बघून प्लीज म्हणालं ना ते पोट्टं."

डेनिंग आले तो दिवस उकाड्याचा होता. साठीचा, रुंद अंगाचा, हातात स्टॉपवॉच घेतलेला माणूस. हॉलंडनी भावनाची ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी टोपी काढून हात पुढे केला आणि विकेटकीपरचे ग्लोव्हज कसे असतात, जाळी कुठे असते, असं बारीकसारीक विचारत बसले. भावनाला तो माणूस आवडला, त्यामुळे त्याच्यापासून काही लपवणं आणखी अवघड झालं.

सामना सुरू झाला. वेसने पहिल्याच संधीला दुसऱ्या बेसकडे पळणारा गडी बाद केला. डेनिंगनी घड्याळ पाहिलं आणि भुवई वर केली. नंतर मात्र वेस मंदावला. एक बॉल त्याच्या बाजूने निसटला, तो वळायला गेला आणि क्षणभर तसाच अडकून राहिला. मग आकाश काळं झालं, विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि सगळे छपराखाली पळाले.

बाहेर धो धो पाऊस. डेनिंग भावनाशेजारी बाकावर येऊन बसले. "हात देवाने दिलाय पोराला," ते म्हणाले. "आता मला सांगा, त्याचे गुडघे कसे आहेत?"

भावनाने बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वेसकडे पाहिलं. तो बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत होता.

"हा प्रश्न त्याला विचारायचा," ती म्हणाली. "थांबा, मी बोलावते."

ती वेसजवळ जाऊन बसली. "ते गुडघ्याबद्दल विचारताहेत. मी खोटं बोलणार नाही, आणि तुझ्या पाठीमागे चुगलीही करणार नाही. तूच जाऊन सांग."

"मग संपलंच," वेस म्हणाला.

"तुझ्या वयाला काही संपत नसतं. ऊठ."

त्याने लेस घट्ट बांधली. मग उठला, लंगडतच गेला, आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि डेनिंगसमोर उभा राहून बोलू लागला. पावसाच्या आवाजात भावनाला शब्द ऐकू आले नाहीत. डेनिंगनी त्याला खाली बसवलं, गुडघा हाताने चाचपून पाहिला आणि खांद्यावर थाप मारली. सामना काही पुन्हा सुरू झाला नाही.

निघताना डेनिंग भावनाला म्हणाले, "जूनमध्ये त्याचं नाव येणार नाही. मीच नको म्हणून सांगणार आहे. त्याला आधी डॉक्टरकडे न्या." मग स्टॉपवॉच खिशात टाकत म्हणाले, "माझ्याकडे सगळे पोरांची तारीफच करतात. तुम्ही या भागात माझ्यासाठी नजर ठेवाल का? पगार नाही. टोपी पाठवीन."

जूनमध्ये खरंच नाव आलं नाही. भावना दुपारच्या सुट्टीत कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर यादी शेवटपर्यंत पाहून आली, उगाचच. वेसच्या गुडघ्यातली कूर्चा फाटली होती. त्याचं ऑपरेशन झालं. त्याची आई भावनाला भेटून रडली, आभार मानून गेली, पण वेस तिच्याशी बोलला नाही. ऑगस्टमध्ये तो टेक्ससला कॉलेजला गेला तेव्हा निरोप घ्यायलाही आला नाही. ते तिला लागलं. ती नागसेनला म्हणाली, "बरोबर केलं तरी माणूस रुसतोच." नागसेन म्हणाला, "अठरा वर्षांचा आहे. रुसू दे."

डेनिंगची टोपी मात्र आली. भावना ती घालून शनिवारी शाळांचे सामने बघत हिंडायची, दर दोनतीन महिन्यांनी त्यांना ईमेल पाठवायची. सिंगापुरातून त्यांनी एकही खेळाडू घेतला नाही. ती लिहायची, "हा मुलगा गोड आहे, पण कॅचर नाही." डेनिंग उत्तर द्यायचे, "हा तैवानचा मुलगा पाहा, तो गोडही नाही आणि कॅचरही नाही."

वेसची ईमेल पहिल्यांदा आली ती दीड वर्षाने. तो गुडघा बरा होईपर्यंत पहिल्या बेसवर, उभ्यानेच, खेळला होता आणि आता परत मागे उकिडवा बसायला लागला होता. शेवटी लिहिलं होतं, "तेव्हा तुमचा खूप राग आला होता. आता कमी झाला आहे." भावनाने ते वाचून अनुयाला हाक मारून दाखवलं. अनुया म्हणाली, "Okay what. At least honest."

२००९च्या जूनमध्ये, कारखान्यात जायची घाई चालली असताना फोन वाजला. वेस होता. पलीकडे इतका गलका होता की तो जवळजवळ ओरडत होता. त्याचं नाव निघालं होतं, अगदी शेवटच्या फेऱ्यांपैकी एकात, पण कॅचर म्हणूनच. क्लब मात्र डेनिंगचा नव्हता, दुसराच होता.

"डेनिंगना कळवलंस का?" भावनाने विचारलं.

"तुम्हीच सांगा ना, मिसेस तायडे. मला भीती वाटते त्यांची."

तिने संध्याकाळी डेनिंगना फोन लावला. बातमी ऐकून ते म्हणाले, "मी तीनदा सांगितलं होतं आमच्या लोकांना, की आता घ्या." त्यांच्या आवाजात चीडही होती आणि आनंदही लपत नव्हता. "गुडघा कसा आहे आता त्याचा?"

"मी विचारलं नाही," भावना म्हणाली. "तुम्ही विचारा. तो खरं सांगेल."