मला सा सोडवेना

माझी शाळा चौथीपर्यंत. पण सुरातलं मला कोणी शिकवायला येऊ नये, असा माझा ताठा होता. बाप लालबागच्या चाळीत भजनाची पेटी वाजवायचा. गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, खोकून खोकून गेला. त्याचं एकच सांगणं, "सा सोडलास की घर सोडलंस."

बापाच्या जागी मी साच्यावर लागलो, आणि मलाही खोकला सुरू झाला. तिथून सुटायचं म्हणून मी गिटार धरली. ठाकूरद्वारला एक गोवेकर मास्तर होते, लग्नाच्या बँडात वाजवायचे. पाळी सुटली की मी त्यांच्याकडे चालत जायचो. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम, आणि तेच एकामागून एक सुटे वाजवले की अर्पेजिओ, हे त्यांनी शिकवलं. मग कॉर्ड वाढवायला लावली. सा, ग, प, त्यावर कोमल नी, त्यावर वरचा रे. याला ते नाइन्थ म्हणायचे.

एके दिवशी म्हणाले, "आता सा काढून टाक, मॅन. बँडात सा डबल बासवाला वाजवतो, त्या माणसाएवढ्या व्हायोलिनवर. चार मात्रांत तुझे चार सूर. ग, प, नी, रे."

"सा काढला तर राहिलं काय, मास्तर?"

"तुझा सा तुझ्या घरी ठेव रे. इथे बास हाय."

मी मान हलवली. पण घरी येऊन पुन्हा सा धरूनच वाजवला. चार मात्रांत पाच सूर कोंबायला बोटं पळवली. मनात म्हटलं, जलद वाजवलं की कुणाला कळणार?

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. हरताळ झाला, कर्फ्यू लागला, गिरण्या बंद. मास्तरांच्या बँडात गिटारवाल्याची जागा रिकामी झाली होती, आणि पुढच्या रविवारी माझी परीक्षा होती. मी खोलीत बसून दिवसभर तेच घासत होतो. परळकडे गोळ्या झाडल्याच्या बातम्या येत होत्या. आई चुलीपुढून ओरडली, "शिरा पडो त्या टुणटुणाक! भायर माणसां मरतत, नि तू तारा छेडतस?"

मी हात थांबवला नाही. लाज वाटत होती, तरी थांबवला नाही.

रविवारी मास्तरांच्या खोलीत डबल बासवाला होता आणि बँडचा म्होरक्या पियानोवर. सुरू केलं. पहिल्या कॉर्डवर माझा सा बासच्या सावर जाऊन आदळला. दुसऱ्या कॉर्डला मी पाव मात्रा मागे, तिसरीला आणखी मागे. म्होरक्याने पियानो थांबवला.

"हात चांगला आहे तुझा. पण तू दुसऱ्याच्या पाटावर जाऊन बसतोस. सा सोड आणि परत वाजव."

मास्तर हळूच म्हणाले, "एकदाच, मॅन. माझ्यासाठी."

एकदाच वाजवायचं होतं. बोटांना येतही होतं. पण हे बापाच्या पेटीला हसताहेत असं मला वाटलं. मी म्हणालो, "सा नाही, तर मी नाही." आणि गिटारवर गवसणी चढवली. जिना उतरेपर्यंत वाट पाहिली, कोणी हाक मारली नाही.

गिरण्या उघडल्या. मी पुन्हा साच्यावर.

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीचाळीवर रोषणाई होती. गिरगावात एका मंचावर मास्तरांचा बँड वाजत होता, माझ्या जागी दुसराच कोणी. मी गर्दीत मागे उभा राहिलो. गिटार ग, प, नी, रे करत वर चढत होती, आणि सा खालून, बासमधून येत होता. जमिनीतून यावा तसा. कुठेही सुटला नव्हता. दोन पावलं पुढे जाऊन मास्तरांना एवढंच सांगायचं होतं की कळलं. माझ्याने गेलं नाही. नंतर ते गोव्याला गेले आणि तिथेच वारले, असं ऐकलं.

बाकीची सगळी वर्षं साच्यावर गेली. आता बोटं आखडलीत, छातीत बापाचाच खोकला आहे. दुपारी गिटार घेतो, सा सोडून चार सूर वाजवतो. चार मात्रांत बरोबर बसतात. खाली बास नाही, म्हणून ते अधांतरी राहतात. तोंडाने सा धरता येईल. धरत नाही; तो पाट बासवाल्याचा.