शुक्रवारातून शनिवारात

गायकवाडबाईंनी मला शाळेच्या दारापर्यंत नेलं, आणि तेही खऱ्या दारापर्यंत. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना श्रेय कुणाचं ते तुमच्या ध्यानात राहील.

मी कुरखेड्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुण्यात आल्यापासून मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलतो आणि बिबवेवाडीत चौघांच्या खोलीवर राहतो. बाकीचं पुणे पाहिलं ते टेम्पोच्या मागे बसून, म्हणजे उलटं. या जूनमध्ये कानावर आलं की जुन्या शहरात एक सरकारी रात्रशाळा आहे, मोठ्या माणसाचं वाचन बघून त्याला थेट आठवीत घेतात. धीर करून फोन लावला. पलीकडचे सर घाईत होते.

"शाळा शनिवारात आहे. सहाच्या आत या. या आठवड्यानंतर प्रवेश बंद."

"शनिवारी येतो जी. पण कुठं येऊ?"

"अहो, शनिवारात!" आणि फोन ठेवला.

पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. चिडले आणि नाही म्हणाले तर? मुकादमाकडे शनिवारची दुपार मागितली. तो म्हणाला, "साळा फकस्त शनिवारी भरती व्हय? मग मी बी नाव घालतो." सोबतचा एक हमाल म्हणाला, सरकारी शाळा जुनी म्हणजे दगडीच असणार, मंडईपाशी एक मोठी दगडी इमारत आहे, मनोऱ्याची, तिथं विचार. एवढ्या भांडवलावर मी धुतलेला शर्ट घालून निघालो.

स्वारगेटला उतरून चालत गेलो. मनोरा दिसला आणि मी थबकलोच. आमचं यार्ड म्हणजे पत्र्याचे गाळे आणि ट्रक वळायला मोकळं आवार. त्याच्याकडे वर मान करून कुणी पाहत नाही. इथं मात्र भाजीसाठी कुणी कळसासारखा मनोरा उभा केलाय. भोवतालच्या गल्ल्या ओढे नदीला मिळावेत तशा चहूकडून इमारतीला येऊन मिळतात. आत कमानींखाली वांग्यांचे ढीग, बाहेर पायऱ्यांवर लिंबंवाल्या. इमारत कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो, ते बाजारानं ठरू दिलेलं नाही.

लिंबं निवडून घेणाऱ्या एका बाईंना विचारलं, "मावशी, रात्रशाळा इथंच का जी?"

"ही मंडई आहे. इथे फक्त कोथिंबिरीचे वर्ग भरतात."

"फोनवर सांगितलं, शनिवारात आहे म्हणून."

"मग शनिवारात जा. हा शुक्रवार."

"नाही जी, आज शनिवार आहे."

"आज शनिवारच आहे. पण तुम्ही शुक्रवारात उभे आहात."

मी मोबाइल काढून वार बघितला. बाईंनी लिंबं पिशवीत टाकली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग हसल्या. इथल्या पेठांना (जुन्या शहरातल्या वस्त्यांना) वारांची नावं आहेत, हे मला तेव्हा कळलं. सरांनी सांगितला होता तो पत्ता होता. मी वार धरून बसलो, आणि तोच नेमका प्रवेशाचा शेवटचा दिवस निघाला.

"चला, मलाही तिकडेच जायचंय," त्या म्हणाल्या. "आणि मावशी नको. गायकवाडबाई म्हणा. ऑफिसात सगळे तेच म्हणायचे."

सरकारी कार्यालयात टायपिंग करून त्या निवृत्त झालेल्या. पिशवी मी घेतली. बाजीराव रस्त्याला लागलो तर उजवी-डावीकडे दुकानं, आणि मधेच विश्रामबागवाड्याचं लाकडी नक्षीचं तोंड. पेशव्यांचा महाल, पण इतका रस्त्याला टेकलेला की त्याची गॅलरी जणू बसची वाट बघत उभी आहे. "लांबून बघू म्हटलं तर समोरच्या दुकानात शिरावं लागतं," बाई म्हणाल्या. पुढे अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचे गठ्ठे फुटपाथवर आलेले. मी चालता चालता पाट्या वाचत होतो, सरावासाठी, ओठ हलवत. बाईंनी पाहिलं असणार. त्यांनी चाल जरा हळू केली.

शाळा आली. काळ्या दगडाची, कमानीवर कोरलेलं नाव. आणि फाटकाला कुलूप. कुलूपही गंजलेलं, पुढे स्कूटरी आडव्या लावलेल्या. मी फाटक हलवलं. सहा वाजत आले होते. वाटलं, संपलं. आता पुढच्या वर्षी.

"ते कशाला हलवताय? पुण्यात सरकारी इमारतीचं पुढचं दार फोटोपुरतं असतं. माझी सगळी नोकरी मागच्या दारानं झाली."

एका बोळातून (दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेतून) त्यांनी मला मागे नेलं. रस्ता मोठा झाला, गाड्या वाढल्या, फाटकातून पोरं बाहेर पडेनात, म्हणून मागची भिंत फोडून हे दार केलं म्हणे. मग दारापाशी चहावाला आला, झेरॉक्सवाला आला, पंक्चरवाला आला. शाळा बांधताना ज्या बाजूला तिची पाठ केली होती, ती बाजूच तिचं तोंड झाली आहे.

आत सरांनी सातवीचं पुस्तक पुढे केलं. पहिल्या ओळीत 'उत्कृष्ट'ला अडखळलो. "सावकाश," सर म्हणाले. "गाडी चुकत नाहीये." पान संपलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "सोमवारपासून बसा. आठवीत."

बाहेर आलो तर गायकवाडबाई अमृततुल्यच्या (इथली चहाची दुकानं) बाकावर बसलेल्या, लिंबांची पिशवी मांडीवर.

"काय झालं?"

"घेतलं जी."

"मग डोळे कशाला पुसताय? नापास झालं की रडायचं असतं."

चहा घेताना त्यांनी विचारलं, गावची शाळा कशी होती. मी सांगितलं, एकटीच, धानाच्या बांध्यांमध्ये (भातखाचरांमध्ये). कुठूनही दिसायची, चारही बाजूंनी. पण ती सातवीपर्यंतच, आणि आठवीच्या वाटेवर नाला होता, पावसाळाभर भरलेला.

"चारही बाजूंनी मोकळी सरकारी इमारत," बाई कप खाली ठेवत म्हणाल्या. "अशी मी जन्मात पाहिलेली नाही."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. या वेळी पुणे सरळ दिसत होतं. प्रत्येक मोठ्या इमारतीशी मी मान वळवून बघत होतो, माणसं कुठून आत जातात ते. नाव कोरलेल्या बाजूला सहसा कुणीच नसतं. चहाचा धूर दिसला की समजायचं, दार तिथं आहे. शहरात नव्यानं येणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना एवढंच सांगेन.

गायकवाडबाई, दहावी झाली की मी तुम्हाला आमच्या गावी नेणार आहे. दिवाळीनंतर, धान कापणीला आल्यावर. बांधावर खुर्ची टाकून देईन; कुणाच्या दुकानात न शिरता शाळा बघा, हवी तितक्या लांबून.