उडणारी मगर आणि बारा आकड्यांची वेणी

घानातल्या केप कोस्टला आंटी अराबा एशुनच्या दुकानात वेण्या घालायला बाई आली की अराबा तिला पहिला प्रश्न केसांचा विचारत नाही. "चष्मा आणलायस ना?" असं विचारते. बारीक वेण्यांना सात तास लागतात. तेवढा वेळ अराबाचे दोन्ही हात दुसऱ्याच्या डोक्यात अडकलेले, आणि पुस्तकाशिवाय तिला सात मिनिटं निघत नाहीत. म्हणून दुकानाचा नियम असा, की ज्याचं डोकं त्यानं वाचायचं. मोठ्यानं.

पुस्तकं अराबा स्वतःच देते, आणि ती एकाच जातीची. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेल्या जादूच्या नाहीतर अंतराळातल्या कादंबऱ्या. अराबा चोपन्न वर्षांची आहे, दोन लेकींची लग्नं झालीत, चर्चच्या महिला मंडळाची ती खजिनदार आहे. पण तिला राक्षस लागतात, मंतरलेली तलवार लागते, नाहीतर निदान दोन सूर्य असलेला एखादा ग्रह तरी लागतो. आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोनं एका शनिवारी या खुर्चीत बसून चेटकिणीचे मंत्र इतके खणखणीत म्हटले, की दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिचं भजन सगळ्यांना फिकं वाटलं.

वाचणाऱ्या बाईला पुस्तकाबद्दल अराबाचं मत विचारावं लागत नाही. ते डोक्याला कळतं. गोष्ट रेंगाळली की बोटं सैल पडतात. रंगली की ती अशी ओढते, की बाईच्या भुवया कपाळावर चढतात. माझं झेरॉक्सचं दुकान अगदी शेजारी आहे. अराबाच्या दारातून बाहेर पडणारं तोंड बघून पुस्तक कसं होतं हे मी सांगू शकतो.

पुस्तक संपलं की अराबा शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आपला निकाल लिहिते. दोन-चार मला पाठ आहेत.

"हिची आई पहिल्याच पानावर मेली. ज्यांच्या आया जिवंत आहेत त्यांनी जग वाचवायचंच नाही का?"

"दोन मुलगे. एक हसरा, एक कायम रुसलेला. ती रुसलेल्याला निवडणार हे मला तिसऱ्या पानावर कळलं. तिला कळायला चारशे पानं लागली."

"सोळाव्या वर्षी सरकार पाडलं. सतराव्या वर्षी कचरा कोण उचलणार, यावर एक ओळ नाही."

"यान तीनशे वर्षं प्रवासात. आत हजार माणसं. केस कापणारा एकही नाही."

तिची सगळ्यात मोठी तक्रार मात्र ती कुठंच लिहीत नाही. फक्त मला ऐकवते. "एबो, या पुस्तकांत चाळिशीपुढची शहाणी बाई दिसली ना, की मी पानं मोजायला लागते. पोरीला चार गोष्टी शिकवते, सूप पाजते, आणि पन्नास पानांत खलास! का? तर पोरीनं रडावं आणि तलवार उचलावी म्हणून. आम्ही काय नुसत्या मरायला येतो पुस्तकात?"

हे निकाल वाचायला रोज दुपारी शाळेच्या मुली यायच्या. त्यांचा केसांशी काही संबंध नाही. आमच्याकडे शाळा संपेपर्यंत मुलींची डोकी मुलांसारखी बारीक कापलेली असतात. चौथ्या वर्षापासून अठराव्यापर्यंत एकच फॅशन. म्हणजे अराबाच्या दुकानात सर्वात जास्त वर्दळ असायची ती जिला केसच नाहीत अशा गिऱ्हाइकांची. त्या यायच्या, पुस्तक बदलायच्या, शेवटचं पान आधी उघडून खिदळायच्या आणि पळायच्या.

त्यांतली एक होती कुकुआ आर्हिन. सहा वर्षांत तिनं दुकानातलं पुस्तकांचं अख्खं कपाट संपवलं. मग शाळा संपली आणि कुकुआनं दोन गोष्टी वाढवायला घेतल्या. केस आणि कादंबरी. सात महिन्यांत केस चार बोटं झाले आणि कादंबरी एकशे नव्वद पानं. छापून मीच दिली. शेवटी एक कोरं पान जोडून मागितलं तिनं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आंटीच्या निकालासाठी. त्यांनी त्यावर लिहिलं तरच मी पाठवणार."

राजधानीत, अक्राला, नव्या लेखकांची एक स्पर्धा होती. पार्सल शुक्रवारपर्यंत पोचायला हवं होतं, म्हणजे गुरुवारी चारच्या बसनं निघायलाच हवं. कुकुआनं बेत आखला. गुरुवारी सकाळी आठला खुर्चीत बसायचं, आयुष्यातल्या पहिल्या वेण्या घालून घ्यायच्या, तेवढ्यात कादंबरी वाचून दाखवायची, तीनला निकाल घ्यायचा, आणि नव्या वेण्या हलवत बस स्टँडवर जायचं. पहिलंच पुस्तक लिहिणाऱ्या माणसाचे बेत असेच सुबक असतात.

त्या गुरुवारी सकाळपासून वीज नव्हती. माझी मशिनं गप्प, म्हणून मी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उंडा, आणि तळलेला मासा घेऊन अराबाच्या बाकावर येऊन बसलो. त्यामुळे पानात डोळे घातलेल्या कुकुआला जे दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. अराबाचं तोंड.

कुकुआ वाचायला लागली. तिच्या नायिकेचं नाव तविया. तिची आई जिवंत होती. अराबाची मान डोलली. तवियाकडे उडणारी मगर होती. बोटं जरा घट्ट झाली. मगरीला उंचीची भीती वाटायची. कुकुआ "आई गं!" म्हणाली, आणि ते काही पुस्तकात नव्हतं.

"दुखतंय?" अराबानं विचारलं.

"नाही आंटी, छान वाटतंय," कुकुआ डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. तिला सहा वर्षांपासून माहीत होतं, दुखणं म्हणजे काय ते.

साडेबारापर्यंत एकशे बारावं पान आलं आणि डोक्याची डावी बाजू झाली. डावीकडे रेघ मारल्यासारख्या वेण्या, उजवीकडे पेटवलेल्या मशालीसारखे केस. कोळशाच्या शेगडीवर, वेण्या सुटू नयेत म्हणून त्यांची टोकं बुडवायला, पाणी उकळत होतं. अराबा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, जणू तिलाच मगरीवर बसायचंय. आणि कुकुआनं वाचलं, "शत्रूचे नगारे टेकडीपलीकडे वाजू लागले. तवियानं मगरीवर मांड ठोकली, बारा आकडे मोजेपर्यंत आपल्या लांब केसांच्या बारीक वेण्या घातल्या, आणि..."

बोटं थांबली.

कुकुआ पुढे दोन ओळी वाचत गेली. मग डोक्याला काहीच जाणवेना म्हणून तीही थांबली. अराबाचं तोंड बघून मी मासा खाली ठेवला.

"किती?" अराबानं विचारलं.

"काय किती, आंटी?"

"किती आकडे?"

"बा... बारा."

"तू केव्हापासून बसलीयस इथं?"

"आठपासून."

"झाल्या किती?"

"अर्ध्या," कुकुआ बारीक आवाजात म्हणाली.

अराबा फणी घेऊन रस्त्यावर गेली, परत आली, पुन्हा गेली. दारातून ओरडली, "स्वतःच्या स्वतः! मगरीवर! बारा आकड्यांत!" समोरचा टायरवाला काम सोडून बघायला लागला.

"अहो आंटी, गोष्ट आहे ती," कुकुआलाही राग आला. "मगर उडते ते चालतं तुम्हाला?"

"मगर उडू दे की! मी काय मगर उडवलीय कधी? तुला माहीत, तुझ्या मगरीला माहीत. पण वेणी मी घातलीय, सव्वीस वर्षं! तिच्यात मला फसवू नकोस."

"सगळ्या पुस्तकांत असंच असतं. 'तिनं केस वेणीत बांधले आणि ती निघाली.' एका ओळीत."

"त्यांना काय माहीत! पण तू इथं वाढलीस ना?"

कुकुआ म्हणाली, "मला कधी केस होते, आंटी? मी इथं पुस्तकं बघत होते. तुमच्या हातांकडे कोण बघत होतं?"

हे तिनं भाबडेपणानं म्हटलं. पण अराबा मटकन बाकावर बसली, माझ्या माशावरच. उठलीसुद्धा नाही.

"तेच म्हणतेय मी," ती हळू बोलली. "तुझ्या पुस्तकात राजा आहे, चोर आहे, बोलणारं कासव आहे. मगरीचे दात घासणारा माणूससुद्धा आहे. मला वाटलं, ही आपली पोरगी आहे. ही तरी एखादी वेणी घालणारी आणेल."

शेगडीवर पाणी उकळत राहिलं. घड्याळात एक वाजला. कुकुआनं भिंतीवरच्या आरशात स्वतःचं अर्धं डोकं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग हात पुढे केला.

"एबो अंकल, कागद द्या. कोरे. आणि पेन."

"वीज नाहीये, छापून कसं देऊ?"

"हातानं लिहिते. हस्ताक्षर बरं आहे माझं."

ती लिहायला लागली आणि खरी लढाई तिथं जुंपली. लिहायला मान खाली हवी, वेणीला मान वर हवी.

"डोकं सरळ ठेव!"

"थांबा ना आंटी, वाक्य राहिलंय!"

"वाक्य कुठं जातंय पळून? भांग वाकडा होतोय माझा!"

दोन वेण्या झाल्यावर अराबानं हात टेकले. फणी दातांत धरून ती दुकानात येरझाऱ्या घालू लागली. वाकून बघायची सोय नव्हती, कुकुआ कोपरानं कागद झाकत होती. "तिथं काय होतंय?" अराबा दर पाच मिनिटांनी विचारायची. "नगारे वाजतायत," कुकुआ म्हणायची. "अजून?" "तिचं अर्धं डोकं राहिलंय, आंटी. उठणार कशी?" हे ऐकून अराबा आणखी जोरात फिरायची. मी शेगडीत दोनदा कोळसा घातला, काही कारण नसताना.

साडेतीनला कुकुआनं पेन ठेवलं. सात पानं. जुनी ओळ खोडून सातही पानं तिनं मध्ये घातली आणि शेवटचं कोरं पान अराबापुढे धरलं. "लिहा आंटी. चारची बस आहे."

अराबानं पेन्सिल घेतली. परत कानावर खोचली.

"शेवट ऐकल्याशिवाय मी निकाल लिहीत नाही."

"आंटी! याच वर्षी निघालीय ही स्पर्धा, परत निघेल की नाही कोण जाणे!"

"मग जा. पण लिहिणार नाही. पुस्तक अर्धं ऐकून मत द्यायला मी वर्तमानपत्रवाली आहे का?"

कुकुआ कागद छातीशी धरून उभी. निकाल मिळाल्याशिवाय पाठवायचं नाही, ही तिचीच अट. तिच्या ओठांची चुळबुळ चालली होती. मी म्हटलं, "पोरी, मी देऊन येतो हवं तर." पण पार्सलावर ज्याचं पुस्तक त्याचीच सही लागते, तीही ओळखपत्र दाखवून. पावणेचार झाले.

"जाते मी," ती एकदम म्हणाली. "कोरं तर कोरं."

आणि दाराकडे वळली तशी अराबा किंचाळली. तिचा एक नियम आहे, वाचनाच्या नियमाहून जुना. अर्ध्या डोक्यानं कुणाला रस्त्यावर सोडायचं नाही. तिनं आपला डोक्याचा रुमाल सोडून कुकुआला बांधला. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं आत कोंबडी लपवल्यासारखा फुगला.

"चल, मीही येते," अराबा म्हणाली. "अर्धं डोकं माझं आहे."

मग आम्ही तिघं बाजारातून धावलो. पुढे कुकुआ पाकीट घेऊन, तिच्यामागे अराबा हातात फणी घेऊन, शेवटी मी, दुकान उघडं टाकून, कारण मला राहवेना. वाटेत रुमाल उडाला.

"अराबा, गिऱ्हाईक पळालं वाटतं!" टोमॅटोवाली ओरडली.

"मागे मी आहे, पळून जाईल कुठं!" अराबानं न थांबता सांगितलं.

कुकुआनं सही केली. पाकीट बसच्या पोटात गेलं, दार आपटलं, बस निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत तिघंही बघत होतो. मग अराबाच्या एकदम लक्षात आलं.

"अगं, पण पानं तर सगळी गेली! मला पुढचं कोण वाचून दाखवणार?"

"माझ्या कॉम्प्युटरवर आहे," मी म्हटलं. "वीज आली की..."

"आणि ती हातानं लिहिलेली सात?"

ती कुठंच नव्हती. फक्त कुकुआच्या डोक्यात होती, आणि डोक्याची उजवी बाजू अजून बाकी होती. अराबानं तिला दंडाला धरून परत आणलं, खुर्चीत बसवलं, भांग पाडला.

"हं. आठवून सांग."

कुकुआ सांगायला लागली. नगारे जवळ येतात, तवियाला उठता येत नाही, मगर दारात बसून नखं खाते. वेणी घालणारी म्हातारी घाई करत नाही. अराबा मध्ये एक अक्षर बोलली नाही. पण तिचे ओठ हलत होते, आणि माझ्याकडे बघून तिनं मान फिरवली. मला ठाऊक होतं, ती काय मोजतेय.

शेवटी तिला राहवलं नाही. आवाज अगदी सहज ठेवून तिनं विचारलं, "मग ती म्हातारी... किती पानांनी मरते?"

"कोण? वेणीवाली?" कुकुआ म्हणाली. "ती कशाला मरेल? नगारेवाले तिच्या दारात येतात तेव्हा ती त्यांना सांगते, हातातलं डोकं होईपर्यंत रांगेत बसा. बसतात बिचारे."

"बसतात?"

"मोठ्यानं वाचायला लावते ती त्यांना."

मी तिच्या तोंडाकडे बघणं टाळलं आणि शेगडीत तिसऱ्यांदा कोळसा घातला. फक्त कुकुआचा आवाज आला, "आई गं! आंटी, हळू!"

वेण्या छान झाल्या. डावीकडच्याही, उजवीकडच्याही. फक्त पुढचे तीन दिवस कुकुआची उजवी भुवई डावीपेक्षा बोटभर वर होती, आणि कुणी कारण विचारलं की ती म्हणायची, "निकाल लागलाय माझा."