बाहीचं माप

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि भूपालअण्णा पडवीत मोटरसायकलशेजारीच सतरंजीवर आडवे झालेत. हातात सुतळी तशीच. डोळे मिटतात, पण शेजारच्या शेडमधला यंत्रमागांचा खडखडाट कानात घुमत राहतो आणि हळूहळू एकाच शिलाई मशीनचा होतो.

"च्या प्यालासा?"

शालन, त्यांची बायको, मशीनवर बसलीय. तिला जाऊन तीन वर्षं झाली हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे, तरी त्यात वावगं काही वाटत नाही. उलट जीव हरखतो.

"गाडीला काय झालंय वो?"

अण्णांना तेवढंच हवं असतं. खांदा आखडला, जुन्या हँडलपर्यंत हात पोचेना, म्हणून उंच, मागे वळलेलं नवं हँडल बसवलं. मग जुन्या केबली तोकड्या पडल्या, म्हणून सुतळीनं माप घेऊन लांब केबली कापून घातल्या. जन्मभर माग दुरुस्त केलेला माणूस केबलीला थोडाच भितो! पण हँडल पुरतं वळवलं की ॲक्सिलेटरची केबल ताणते आणि इंजिन आपलं आपण बोंबलत सुटतं. संध्याकाळी मुलगा, महावीर, गिऱ्हाईक घेऊन येणार. अण्णांना गाडी चालवता आली तर ठेवायची, नाहीतर विकायची, असं ठरलंय.

"इकायची?" शालन मशीन थांबवते. "आन मी कशावर बसू?"

आता दोघं कापडाच्या दुकानात आहेत. गादीवर, कापडाच्या ताग्यांच्या मधोमध मोटरसायकल उभी आहे आणि दुकानदार तिच्यावरूनच हात लांबवून कापड दाखवतोय. शालन अण्णांच्या हातातली सुतळी ओढून घेते.

"माप कसं घेतलासा?"

"हँडल सरळ ठेवून. हितं गाठ मारली."

शालन कपाळाला हात लावते. "बाहीचं माप हात सरळ ठेवून घेत्यात व्हय? कोपर वाकला की बाही चढती वर. 'हात वाकवा, हात वाकवा' म्हणून जन्मभर गिऱ्हाइकांवर वरडलो मी. ऐकलासा न्हाई कधी?"

"ऐकलं की. पर ब्लाऊजचं माप मी कशाला ध्यानात ठिऊ?"

"हितंच चुकलं तुमचं."

दुकानदारही हसतो. शालन हँडल पार टोकापर्यंत वळवते, सुतळी गाठीच्या पुढे सैल सोडते आणि कानामागचा खडू काढते.

दुकानाच्या पायऱ्या उतरून गाडी थेट बाहुबलीच्या डोंगरावरच्या देवस्थानाच्या रस्त्याला लागते. दोन्हीकडे ऊस. वळणामागून वळण येतं आणि इंजिन शहाण्यासारखं चालतं. शालनचा हात त्याच आखडलेल्या खांद्यावर आहे, तरी खांदा दुखत नाही. अण्णांना वाटतं, हा रस्ता संपूच नये.

"उतरणार न्हाईस न्हवं?" ते विचारतात.

"तुम्ही आधी गाडी तर ठिवा," ती मागून म्हणते. "आन जरा जोरात घ्या की."

अण्णा जोरात घेतात आणि जागे होतात.

माग खडखडताहेत. ऊन पडवीच्या काठाला आलंय. महावीर यायला अजून अवकाश आहे. हातात सुतळी आहे, सुतळीला त्यांची गाठ आहे आणि गाठीच्या पुढे, चार बोटांवर, निळ्या खडूची रेघ आहे. शालनचे खडू मशीनच्या खणात असतात, आणि तो खण ती गेल्यापासून कुणी उघडलेला नाही.

अण्णा उठतात. आधी फडकं घेऊन मागची सीट स्वच्छ पुसतात, आणि मग नवी केबल कापायला बसतात.