नावाआधीची जागा

आमच्या निवृत्तांच्या वसाहतीत गेटजवळचा फळा तिथले म्हातारे रखवालदार लिहितात. रविवारचं भजन (पेटीवर आमचे हे), डोळ्यांची तपासणी, मुरुडची सहल, कोण आजारी, कोण गेलं, सगळं त्याच ठसठशीत अक्षरात. त्यांची एक खोड मात्र मला कधीच सहन झाली नाही. ते आधी नाव लिहितात आणि त्याच्या आधीचं 'श्री.' किंवा 'कै.' अगदी शेवटी. एकदा विचारलं तर म्हणाले, "नाव काय बदलत न्हाय, वहिनी. आधीचं अक्षर तेवढं बघून लिवायचं."

आज सकाळी अलिबागच्या इस्पितळातून घरी ह्यांचे कपडे न्यायला आले, तर फळ्यावर ह्यांचंच नाव होतं. आधीची जागा कोरी. मी फळ्याजवळ गेले.

त्यांनी मागे वळून पाहिलं. "कसे हायत?"

"मी निघाले तेव्हा डोळे उघडे होते."

त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "तुमीच लिवा. आज माझ्याच्यानं व्हत न्हाय."

मी 'श्री' इतकं दाबून लिहिलं की खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने त्यांनी पुढचं टिंब दिलं आणि ओळ पूर्ण केली: 'रविवारी भजनाला पेटीची साथ.'