रागात सोडलेली आई

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाचं नाटक वर्षातून एकदाच होतं, गणपतीत. किस्से मात्र बारा महिने साचत राहतात. ते सांगावे मीच, कारण बाकीचे स्टेजवर असतात आणि मी विंगेत. मी प्रॉम्प्टर! शाळा चौथीत सुटली. नीट वाचायला शिकले ती नाटकांच्या पुस्तकांवर. त्यामुळे सगळ्यांचे संवाद मला पाठ, आणि कोण कुठं अडखळणार तेही.

आमचे दिग्दर्शक सर फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांना एकाच जातीची नाटकं आवडतात. पहिल्या अंकात कोणीतरी रागाच्या भरात निर्णय घेतो, तिसऱ्या अंकात सगळे रडतात. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं? माझ्याकडे बघा की!

*

पंचवीस वर्षांपूर्वी मला आईचं काम मिळालं होतं. मुख्य काम! ही आई रागात मुलाला घराबाहेर काढते आणि तो नदीत बुडतो. तालमीत सर म्हणाले, "वत्सलाबाई, हा आईचा आवाज नाही, हवालदाराचा आहे."

मी पुस्तक मिटलं. "मग द्या नलिनीला!"

आपल्यात चहालाही तीनदा नाही म्हणतात. मला वाटलं, सर निदान दोनदा तरी विनवतील. त्यांनी पहिल्याच नकारात काम उरकलं. "चलो, नलिनी, उभी राहा."

नलिनी म्हणजे रेल्वेतल्या साहेबाची बायको. तिला खळी पडते. एकच, डाव्या गालावर. तेवढ्यावर तिनं पंचवीस वर्षं हिरोईनगिरी केली!

*

त्याच नाटकात आयत्या वेळी सरांनी ठरवलं, दाराला खरी कडी पाहिजे. गोहलपूरच्या सुताराकडून आणली. मुलगा बाहेर गेला, नलिनीनं कडी लावली. मग पश्चात्ताप होऊन दार उघडायचं, तर कडी अडकली!

मी विंगेतून म्हटलं, "खिडकीतून जा!"

बाईनं ऐकलं नाही. दारावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "बाळा, मी लावलेलं दार मलाच उघडत नाही रे."

अख्खा हॉल रडला. मीही रडले, पण रागानं.

*

एका नाटकात तिला विष प्यायचं होतं. पेला भरणं माझ्याकडे. इतरांना मी सरबत देते. तिला दिला कडुनिंबाचा काढा, चांगला आटवून!

प्यायली. डोळे फिरले, तोंड वाकडं झालं. त्या वर्षी तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं! वर मला म्हणते, "वत्सला, पुढच्या वर्षी पण काढा तूच कर गं. दुसऱ्या कोणाला असा जमणार नाही."

*

हल्लीची पोरं घरी मराठी समजतात, पण बोलतात हिंदी. गेल्या वर्षीचा हीरो गोळी लागून पडला आणि म्हणाला, "आई, मैं जा रहा हूँ... मेरे बाद..."

मी विंगेतून ओरडले, "मराठीत मर!"

तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. हॉल हसला, मेलेला हीरोही हसला. नलिनीनं पटकन त्याच्या तोंडावर पदर टाकला आणि हुंदका दिला. झालं, टाळ्या तिला!

*

यंदा सरांनी पुन्हा तेच आईचं नाटक काढलं. मी मनात म्हटलं, आता विचारतील. नाही विचारलं. सत्तरीच्या नलिनीलाच दिलं! मी पुस्तक घेऊन विंगेत बसले.

प्रयोगाचा दिवस, पहिला अंक. मुलाला घराबाहेर काढायचा प्रसंग. नलिनीनं बोट उगारलं आणि थांबली.

मी वाक्य दिलं. ती गप्प. पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. ती माझ्याकडे बघून राहिली, जसं काय मी कोण हेच तिला आठवत नव्हतं. समोर सर कपाळाला हात लावून बसलेले. मला वाटलं, पडली बाई एकदाची! खरं सांगते, बरं वाटलं.

तर ती चालत विंगेत आली. माझ्या हातातलं पुस्तक काढून खुर्चीवर ठेवलं, मनगट धरलं आणि मला उजेडात ओढत नेलं. घरच्या सुती साडीत, नाकावर चष्मा!

"वन्सं," मला म्हणाली, "तुम्हीच सांगा याला. माझ्यानं होत नाही."

नाटकात वन्सं नाहीतच!

पोरगं माझ्याकडे टकमक बघत होतं. मी म्हटलं, "जा! या घराला तू मेलास!" हवालदाराच्याच आवाजात. पोरगं खरंच घाबरून मागे सरकलं. आणि मग टाळ्या. इतक्या वर्षांत मी त्या पहिल्यांदा समोरून ऐकल्या.

नाटक संपल्यावर मेकअप रूममध्ये तिला गाठलं. कोणी नव्हतं. ती कापसानं रंग पुसत होती.

"नलिनी, खरं सांग. वाक्य विसरली होतीस का?"

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. खळी पडली.

"कोणतं वाक्य गं?"